तीर्थयात्रा आणि शरीरयात्रा

गृहस्थाश्रमात धर्माचे प्रश्न बहुधा मोठ्या नावाने येत नाहीत. ते स्वयंपाकघरात येतात, हिशेबाच्या वहीत येतात, आणि हल्ली पुष्कळ वेळा मोटारीत बसून येतात. पूर्वी काशीप्रयागास निघालेला मनुष्य घरादाराची निरवानिरव करून निघे. आज नागपूरचे एखादे कुटुंब शुक्रवारी रात्री सामान भरते आणि सोमवारी सकाळी कचेरीत हजर होण्याच्या बेताने प्रयागचा रस्ता धरते. सिवनी, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा आणि मग प्रयागराज, असा हा सुमारे साडेसहाशे किलोमीटरांचा मार्ग आहे. गाडीत मुले असतात, एखादी वृद्ध आजी असते, आणि पुष्कळदा भाड्याच्या गाडीचा चालक असतो. इतकी माणसे बारा-पंधरा तास एकमेकांच्या स्वाधीन होतात. ह्या तासांत गृहस्थाचे पहिले कर्तव्य कोणते, ठरल्या वेळी पोहोचणे की सर्वांस सुखरूप नेणे? दोन्ही एकत्र साधतात तोपर्यंत हा प्रश्न उद्भवत नाही. ती एकमेकांच्या आड येतात तेव्हा मात्र गीतेच्या अभ्यासकास उत्तर द्यावेच लागते.

असा प्रसंग कल्पनेतलाच आहे असे नव्हे. प्रयागराज येथील महाकुंभ २०२५ साली १३ जानेवारीपासून २६ फेब्रुवारीपर्यंत भरला होता. १२ फेब्रुवारीस माघी पौर्णिमेचे स्नान होते. त्याच्या दोन-तीन दिवस आधी मध्यप्रदेशातून प्रयागकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची इतकी दाटी झाली की, कटनी, मैहर, रीवा ह्या भागांत पोलिसांनी गाड्या जागोजाग थांबवून धरल्या, आणि पुष्कळांस परत फिरण्याची विनंती केली. रीवा जिल्ह्यातील चाकघाटापाशी, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या उंबरठ्यावर, लोक तासन्‌तास अडकून पडले. त्या गर्दीतील एक गाडी डोळ्यांपुढे आणावी. मागे चार वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर कोमेजून पडली आहे. नऊ वर्षांचा मुलगा दर दहा मिनिटांनी विचारतो आहे, ‘बाबा, अजून किती राहिलं?’ चालकाने आदल्या रात्रीपासून पाठ टेकलेली नाही. आजीच्या हातात जपमाळ आहे, आणि हा योग आपल्या आयुष्यात पुन्हा येणार नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मोबाइलवरच्या नकाशात आडमार्गाचा एक रस्ता दिसतो आहे. रात्रभर गाडी हाकली तर कदाचित पोहोचता येईल. वडिलांनी काय करावे?

अशा वेळी ‘देवाच्या कामाला निघालो आहोत, देवच सांभाळील’ असे म्हणून गाडी पुढे दामटण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या बोलण्यात श्रद्धा नाही असे नव्हे. परंतु विचार नाही. तो विचार करण्यासाठी प्रथम ‘यात्रा’ ह्या शब्दाकडेच पाहणे उपयोगाचे होईल. ‘या’ ह्या संस्कृत धातूचा अर्थ जाणे असा आहे, आणि त्यापासून ‘यात्रा’ हा शब्द सिद्ध होतो. म्हणजे यात्रा हे मूळ जाण्याचे नाव आहे. पोहोचणे हे त्या जाण्याचे फळ होय. ह्याच शब्दाला संस्कृतात आणखी एक अर्थ आहे, निर्वाह. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्माची आवश्यकता सांगताना ‘शरीरयात्रा’ हा शब्द योजला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ शरीराचे टिकून राहणे, चालते राहणे, एवढाच आहे. कर्म सोडले तर शरीरयात्रादेखील चालणार नाही, असे भगवान अर्जुनास सांगतात. जो गीता वाचतो त्याच्या मनात तीर्थयात्रा आणि शरीरयात्रा हे दोन शब्द शेजारी उभे राहिले पाहिजेत. पहिलीसाठी दुसरी मोडणे म्हणजे घराच्या कळसासाठी पाया उकरणे होय.

‘योगक्षेम’ हा नवव्या अध्यायातील प्रसिद्ध शब्दही येथे मार्ग दाखवतो. आचार्यांनी त्याची फोड करून ठेवलेली आहे: जे मिळालेले नाही ते मिळवणे हा योग, आणि जे मिळालेले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम. प्रवासात ह्या दोहोंची स्थाने स्पष्ट आहेत. संगमाचे स्नान, देवाचे दर्शन, हे अजून मिळावयाचे आहे; तो योग. मांडीवरची मुलगी, शेजारची आई, पुढे बसलेला चालक ही मिळालेली, हाती सोपवलेली माणसे आहेत, ते क्षेम. भगवान अनन्य भक्ताची दोन्ही ओझी स्वतः वाहतात हे आश्वासन खरे आहे. पण गृहस्थाच्या हाती जो अल्प अधिकार दिलेला आहे, त्यात हातातले सांभाळण्याची जबाबदारी आधी येते. दूरच्या लाभासाठी हातातले धोक्यात घालणारा व्यापारात शहाणा ठरत नाही, तो धर्मात शहाणा कसा ठरेल?

अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तामस कर्माचे लक्षण वाचताना ते रात्रीच्या रस्त्याकडे पाहूनच सांगितले असावे असे वाटते. परिणामाचा विचार न करता, हानीचा विचार न करता, दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विचार न करता आणि आपल्या शक्तीचा अंदाज न घेता जे मोहाने आरंभले जाते ते कर्म तामस होय, असा त्या श्लोकाचा आशय आहे. ह्यातील चौथी गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या शक्तीचा अंदाज न घेणे ह्याला लोक धाडस म्हणतात, कधी निष्ठाही म्हणतात. गीता त्याला मोह म्हणते. पेंगुळलेल्या माणसाने सुकाणू धरले असता शक्तीचा अंदाज घेणारी बुद्धीच आधी झोपी जाते. ‘मला अजून तासभर चालवता येईल’ असे जो सांगतो, त्याला ते सांगण्याचा अधिकार उरलेलाच नसतो. सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, अति झोपणाऱ्यास योग साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यासही साधत नाही. ज्याचे खाणे, हिंडणे, काम, झोप आणि जाग ही सारी प्रमाणात आहेत त्याचाच योग दुःख हरण करतो. हा उपदेश केवळ आसनावर बसणाऱ्या साधकासाठी आहे असे मानण्याचे कारण नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील प्रत्येकाच्या मागे एक घर होते. एवढा आकडा डोळ्यांपुढे असताना झोपेचे प्रमाण हा धर्माचा विषय नव्हे असे कोण म्हणेल?

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाही. तीर्थाला कष्ट करूनच जावे, अशी परंपरा आहे. आपले पूर्वज पायी गेले, उन्हातान्हात गेले, कित्येक परतलेही नाहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, लुटले गेले, तरी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आणली. मग थोडा शीण झाला म्हणून मुक्काम करणारे आजचे यात्रेकरू त्या वाटेचे वारस कसे? शिवाय दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण, सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे भगवानच सांगतात. मुलांना तितिक्षा शिकवावयाची ती कधी?

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आपल्या देहाने आपण होऊन सोसणे हे तप होय. आपल्या हट्टासाठी दुसऱ्यास सोसावयास लावणे ह्याला तपाचे नाव नाही. विष्णुभटांनी कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. चार वर्षांच्या मुलीने कसलाही संकल्प सोडलेला नसतो. तिला उचलून गाडीत ठेवलेले असते. तिच्या वाट्याला आलेली तहान ही तिची तितिक्षा नव्हे, ती वडिलांच्या नियोजनातील उणीव होय. सतराव्या अध्यायात तर मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तपसुद्धा तामस ठरवले आहे. मग जेथे पीडा आपली नसून लेकराची आहे, तेथे काय म्हणावे? मुलांना सहन करणे जरूर शिकवावे. वाहने अडून राहिली, ऊन आले, मनासारखे जेवण मिळाले नाही, हे सारे टाळता न येणारे आहे; ते वडील कसे सोसतात हे मूल पाहते आणि तेवढेच शिकते. वडिलांनी चडफडत ‘गप्प बैस’ म्हटले, तर मुलाला तितिक्षा कळत नाही, धाक कळतो.

शिवाय जुनी पदयात्रा आंधळ्या कष्टांची होती ही समजूतही बरोबर नाही. आळंदीहून पंढरीस जाणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा पाहावा. दुपारचा विसावा ठरलेला असतो, रात्रीचा मुक्काम ठरलेला असतो; पुण्यास थांबावयाचे, सासवडास थांबावयाचे, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद असे पुढे जावयाचे. पालखीबरोबर म्हातारी माणसे चालतात आणि लेकुरवाळ्या बायाही चालतात. चाल त्यांना झेपेल अशी राखलेली असते. पंढरी जवळ आली म्हणून कोणी विसावा गाळत नाही. ‘विसावा’ हा शब्द वारकऱ्यांनी वाटेचाच एक भाग करून ठेवला आहे. आपली वाहने वेगवान झाली आणि आपण नेमका तोच शब्द विसरलो.

आता महाभारतातील एक प्रसंग पाहावा, कारण ह्या प्रश्नाचे इतके निर्णायक उत्तर अन्यत्र सापडणे कठीण आहे. अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुनाने प्रतिज्ञा केली की, उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथास मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन. युद्धाचा चौदावा दिवस उजाडला. कौरवांच्या व्यूहातून रथ पुढे जात होता, जयद्रथ अद्याप दूर होता, सूर्य ढळू लागला होता, आणि घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले होते. काळाची निकड ह्याहून मोठी असू शकत नाही. वेळ चुकली तर स्वतःचे प्राण जाणार होते. अशा क्षणी अर्जुनाने घोडे सोडून त्यांना विश्रांती द्यावी असे सुचवले, आणि श्रीकृष्णाने त्यास तत्काळ संमती दिली. अर्जुन रथाखाली उतरला आणि पायी उभा राहून त्याने चहूकडची सेना थोपवून धरली. घोड्यांना प्यावयास पाणी नव्हते. त्याने अस्त्राने भूमी भेदून जलाशय निर्माण केला. भगवंतांनी आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, फिरवले, पाणी पाजले, आणि त्यांचा शीण उतरल्यावरच पुन्हा रथास जुंपले. द्रोणपर्वातील ही कथा पुष्कळांनी चमत्कार म्हणून ऐकलेली असते. तिच्यातील धर्म मात्र चमत्कारात नसून थांबण्यात आहे. सूर्य मावळत असताना जो थांबू शकला, त्यानेच गीता ऐकली होती. आणि ज्याने ती सांगितली, त्याने थकलेल्या जनावरांच्या जखमांकडे आधी पाहिले.

गीतेचा वक्ता हा एका रथाचा सारथी होता, ही गोष्ट आपण चित्रात नित्य पाहतो आणि प्रवासात नित्य विसरतो. चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी येथील पार्थसारथीच्या मंदिरात उत्सवमूर्तीच्या मुखावर व्रण आहेत. ते भीष्मांच्या बाणांचे होत, अशी तेथील परंपरा सांगते. रथात जो पुढे बसतो त्याला घाव आधी लागतात. आज आपल्या गाडीत पुढे बसलेला मनुष्य कोण आहे? कुटुंब धर्मशाळेत पथारी पसरते तेव्हा तो कोठे झोपतो? पुष्कळदा आसन मागे कलते करून त्याच गाडीत, डासांत, काच किंचित उघडी ठेवून. आणि पहाटे चार वाजता ‘निघायचं का?’ म्हणून काचेवर टकटक होते. भारतात १९६१ साली झालेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने अशा कामगारास दिवसाकाठी आठ तासांची मर्यादा घालून दिली होती, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायद्याची कलमे एका भाड्याच्या गाडीपर्यंत पोहोचोत वा न पोहोचोत, त्यामागील न्याय गृहस्थास कळला पाहिजे. त्याच्या झोपेवर आपल्या मुलांचे प्राण अवलंबून आहेत, एवढ्यासाठी त्याला खाट द्यावी, हा शहाणपणा झाला. तोही कोणाचा तरी बाप आहे म्हणून द्यावी, हा धर्म झाला. दोन्ही वाटांनी खाट द्यावीच लागते.

मुलांच्या बाबतीत अधिक काळजीने बोलले पाहिजे. श्रेष्ठ जे आचरतो तेच इतर लोक आचरतात, असे तिसरा अध्याय सांगतो. गाडीत लेकरांपुढे आई-बापांखेरीज श्रेष्ठ दुसरे कोणी नसते, आणि तेथून उठून जाण्याची सोयही नसते. घरी वडील दिवसातून दोन तास दिसतात. प्रवासात ते पंधरा तास दिसतात. मार्ग अडवणाऱ्यास ते काय बोलतात, नाक्यावरील कर्मचाऱ्याशी कसे वागतात, तिकिटासाठी मुलाचे वय खरे सांगतात की दोन वर्षांनी उतरवतात, फराळाचा कागद पिशवीत ठेवतात की खिडकीतून फेकतात, ह्या सर्वांची नोंद मागच्या आसनावर होत असते. नागपूर ते सिवनी ह्या वाटेवर पेंचच्या जंगलात महामार्ग काही ठिकाणी उंच उचलला आहे, कारण खालून वाघ-हरणांस निर्धास्त जाता यावे. तेथे क्षणभर थांबून मुलाला एवढे दाखवले, की माणसाने आपला रस्ता दुसऱ्या जिवासाठी वर उचलला, तर सर्वभूतहित म्हणजे काय ते त्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. उलट लहानग्यास पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन गाडी वेगात सोडली, तर प्रेमाच्या नावाखाली त्याच्या क्षेमाची उपेक्षा होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बालकांच्या सुरक्षित आसनात बांधल्याशिवाय गाडी चालवणाऱ्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. पण जेथे जीव गुंतलेला आहे तेथे दंडाची आठवण व्हावी लागणे हीच लाजेची गोष्ट होय.

आणि ‘अजून किती राहिलं?’ हा प्रश्न? वडिलांना त्याचा राग येतो, ह्याचे कारण शोधण्यासारखे आहे. मूल जे मोठ्याने विचारते तेच वडील मनात दर पाच मिनिटांनी विचारीत असतात, नकाशाकडे आणि घड्याळाकडे पाहून. दोघांचेही चित्त फळापाशी जाऊन बसलेले असते. हातातील कर्म तेवढे मागे राहते. मुलाच्या तोंडून आपलीच आसक्ती ऐकू आली म्हणजे चीड येते. तो प्रश्न ज्याला शांतपणे ऐकता येतो आणि ज्याला खरे उत्तर देता येते, ‘बाळ, आज पोहोचणार नाही, पुढच्या गावी झोपू’, त्याला कर्मयोगाचा थोडा तरी अर्थ कळला असे म्हणावे.

राहता राहिली आजी. तिचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मुलांना पुढे पुष्कळ वर्षे आहेत; तिला नाहीत. तिची इच्छा हा हट्ट नव्हे, जन्मभराची साठवण आहे. ती बाजूस सारून ‘मुलांसाठी परत फिरतो’ असे मुलाने परस्पर ठरवणे हाही एक अन्यायच होय. येथे भगवंतांची रीत उपयोगी पडते. सारे सांगून झाल्यावर त्यांनी अर्जुनास म्हटले की, ह्या सर्वांचा नीट विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर. मुलानेही आईपुढे सर्व स्थिती खरी खरी ठेवावी: रस्ता असा आहे, चालक इतका थकला आहे, नात तापू लागली आहे. काही लपवू नये आणि काही वाढवून सांगू नये. मग तिच्या तोंडाकडे पाहावे. आयुष्यभर घरातल्यांच्या पानात आधी वाढून स्वतः शेवटी जेवलेल्या स्त्रीला ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शिकवावे लागत नाही. तिने ‘थांबा’ म्हटले, तर त्या रात्री गाडीत सर्वांत मोठे दान तिने केलेले असते. ते दान तिचे म्हणून मान्य करावे, मुलांना तसे सांगावे, आणि पुढे गर्दी ओसरल्यावर तिला संगमावर नेण्याचा शब्द द्यावा व तो पाळावा. संगम पौर्णिमा उलटल्यावर वाहावयाचा थांबत नाही.

सारांश, ज्या गृहस्थास मुलाबाळांसह लांबच्या वाटेस निघावयाचे आहे त्याने निघण्यापूर्वीच काही संकल्प करावेत. दिवसाचा पल्ला गाडीच्या वेगावरून ठरवू नये. गाडीतील सर्वांत दुबळ्या जिवावरून ठरवावा. पहाटे निघून दिवेलागणीस मुक्काम गाठावा. दर दोन तासांनी उतरावे, हातपाय मोकळे करावेत, पाणी प्यावे. चालकाच्या खाटेची आणि जेवणाची सोय आपल्या सोयीबरोबरच ठरवावी. हाताशी एक दिवस अधिक ठेवावा. तो नसेल तर जवळचे तीर्थ निवडावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाटेतून परत फिरावे लागले तर त्यात कमीपणा नाही, असे घरातल्या सर्वांसमक्ष आधीच बोलून ठेवावे. कारण रात्री अकरा वाजता ते सुचत नाही आणि सुचले तरी बोलवत नाही.

‘तीर्थ’ शब्दाचा मूळ अर्थ पार होण्याची जागा, नदीचा उतार असा आहे. ज्या उतारावरून घरातले सारे जण एकमेकांचा हात धरून पार होतात तेच तीर्थ. कटनीच्या अलीकडे एखाद्या साध्या धर्मशाळेत मुले पोटभर जेवून झोपली आहेत, चालकाला खाट मिळाली आहे, आजी अंधारात माळ ओढीत बसली आहे, आणि वडिलांनी किल्ली खिशात टाकून दिवा मालवला आहे, अशी रात्र ज्या कुटुंबाने जाणून-बुजून स्वीकारली, त्याची यात्रा अपुरी राहिली असे गीता मानणाऱ्याने म्हणू नये.